हजेरी घेणाऱ्याचा फोटो

अण्णा, भिंतीवरचा तुमचा फोटो परवा सकाळी मी खाली काढला. खिळा तसाच ठेवलाय. फ्रेमच्या मागे तुमच्या वेळचा तो फिकट निळा रंग निघाला, कारण मधे दोनदा घर रंगवलं तेव्हा मायनं रंगाऱ्याला फोटोला हात लावू दिला नव्हता आणि त्यानं कडेकडेनं ब्रश फिरवून काम भागवलं होतं. आता भिंतीवर एक निळा चौकोन आहे आणि येणारा-जाणारा आधी त्याच्याकडेच बघतो. पत्र लिहायची मला सवय नाही. आपल्या घरात लिहिलं ते निगेटिव्हच्या पाकिटांवर, गावाचं नाव आणि कार्यक्रम, बस. पण आज दुपारपासून स्टुडिओचं अर्धं शटर ओढून बसलेय, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरणार नाही.

तो फोटो तुमचा नव्हता. पंचवीस वर्षं त्याच्यापुढं उदबत्ती लागली, सणावाराला नवा हार आला, तुमच्या वर्षश्राद्धाला पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवलं गेलं. आणि ज्याचा तो चेहरा होता तो माणूस तिकडं चकलांब्याला जिवंत होता, शेतावर जात होता, नातवंडं खेळवत होता. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही असं मी इतकी वर्षं समजून चालले होते.

तुम्ही गेल्यावरचं थोडक्यात सांगते. स्टुडिओ दिंद्रुडलाच आहे, स्टँडच्या समोर, फक्त आता मागच्या पडद्यावरचा धबधबा गेला आणि पांढरी भिंत आली. माझं लग्न झालं, टिकलं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मीही फार दिवस घेतलं नाही. लग्नाच्या ऑर्डरी मी घेत नाही. मी गाण्याबजावण्याचे कार्यक्रम काढते. सप्ते, भजनाच्या स्पर्धा, उरुसातली कव्वाली, जयंतीची गायन पार्टी, जत्रेतला संबळ. आता स्टेजच्या मागे भिंतीएवढा उजेडाचा पडदा असतो, डोक्यावर ड्रोन घोंघावतो, आणि समोर कीर्तन चालू असताना माणसं मान खाली घालून मोबाइलवर तेच कीर्तन बघतात. तुम्ही असता तर एकेकाची हनुवटी धरून वर केली असती. जिल्ह्यात मला ‘फोटोवाली बाई’ म्हणतात. माझं नाव झालं ते एका फोटोनं. तुमच्या शेवटच्या सप्त्यातला, काल्याच्या कीर्तनातला तो पखवाजी, दोन्ही हात हवेत, बोटं पसरलेली, पखवाज खाली नुसता थरथरतोय. एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तो अर्धं पान छापून आला. तो तुम्ही पाहिलात, पेपर हातात घेऊन स्टँडवर सगळ्यांना दाखवून आलात. आजही तो काउंटरच्या मागे लावलेला आहे. गिऱ्हाईक आलं की आधी तोच बघतं.

पण फोटो काढायची रीत माझी नाही, तुमचीच आहे. कार्यक्रम सुरू झाला की मी अजूनही स्टेजकडं पाठ करते. आयोजक वैतागतात. परवा एका गावचा सरपंच म्हणाला, “बाई, कार्यक्रम तिकडं हाय, तुमी इकडं काय बघताव?” त्याला काय सांगणार? तुम्ही याला हजेरी म्हणायचा. “आधी हजेरी घ्यायची, मग स्टेज. गवई काय, त्याचा फोटो दुसरं कुनीबी काढील.” पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, मंडपात बसलेला प्रत्येक चेहरा एकदा तरी फोटोत आला पाहिजे. आणि तोही समेच्या आधी, कारण समेला सगळ्यांच्या माना हलतात आणि फोटो हलतो. माणसानं आपल्याकडं बघावं म्हणून तुमची एक खोड होती. कॅमेरा डोळ्याला, डावा हात वर, आणि गाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या हळू आवाजात विचारायचा, “हाजिर?” माणूस दचकायचा, मग ओठ हलवून म्हणायचा, “हाजिर.” तेवढ्यात खटका पडलेला असायचा. तुमच्या सगळ्या फोटोंत माणसांचे ओठ असे अर्धवट उघडे आहेत.

हे सगळं कशासाठी ते गावाला न सांगताच ठाऊक होतं. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन उसाला जायचं, चैत्राच्या सप्त्याला परत यायचं, आणि दरवर्षी परत येणाऱ्यांत एक-दोन कमी असायचे. मग तेराव्याच्या आधी घरची माणसं आपल्या दारात. “अण्णा, आमच्या म्हातारीचा फोटो हाय का एखादा?” तुम्ही बिस्किटाचे पत्र्याचे डबे उघडायचा, त्या गावाचं पाकीट काढायचा, निगेटिव्ह उजेडाला धरायचा आणि दोनशे माणसांच्या घोळक्यातून ती एक म्हातारी शोधून तिला एकटीला मोठी करायचा. आजूबाजूची माणसं कापली जायची. कधी कुणाचा खांदा राहायचा, तो ब्रशनं काळा करायचा. गावोगावच्या भिंतींवर हार घातलेली कितीतरी माणसं मुळात एखादा अभंग ऐकत बसलेली आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

बायकांचीच अडचण होती. मंडपात बायका वेगळ्या बाजूला बसायच्या, आणि परका पुरुष कॅमेरा घेऊन समोर गेला की पदर तोंडावर. म्हणून चौदाव्या वर्षी तुम्ही माझ्या हातात तो लहान कॅमेरा दिलात. वाढदिवस नव्हता, सण नव्हता. स्वयंपाकघरात, खिडकीला काळं कापड लावून, मायच्या परातीत कागद धुता धुता म्हणालात, “घे. बायकांची बाजू तुझी.” बाहेर अंगणात स्टोव्हवर भाकरी थापत माय ओरडत होती, “माझी परात कवा मोकळी होनार? भाकरीला औषधाचा वास मारतोय!” त्या परातीत पांढऱ्या कागदावर आधी डोळे उमटायचे, मग नाक, मग उरलेलं माणूस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून मागं सरले होते. तुम्ही माझी पाठ धरून पुढं केलंत.

तुमचं रागावणं एकदाच झालं. देवळातल्या दगडी खांबाच्या आड एक म्हातारी बसली होती. मला ती दिसली होती. पण तिथं जायचं तर चार बायकांना उठवावं लागलं असतं, आणि मला स्टेजजवळ पोचायची घाई होती. त्या हंगामात ती उसाच्या फडातच गेली. तिचा मुलगा आला, तुम्ही डबे उघडले, निगेटिव्हची एकेक पट्टी पाहिली आणि माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तुम्ही चपला घातल्या आणि म्हणालात, “चल.” त्यांच्या अंगणात नेऊन मला पुढं उभं केलंत. “तू सांग.” मी सांगितलं, आमच्याकडं नाही. तिची सून पीठ चाळत होती. तिनं चाळणी थांबवली, “बरं” म्हणाली आणि परत चाळायला लागली. एवढंच. तेव्हापासून मी खांबाच्या आड आधी जाते.

तुमचा स्वतःचा मात्र एक फोटो नव्हता. लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत मुंडावळ्यांमागे तुमची हनुवटी तेवढी दिसते. मतदान कार्डावर काळा डाग. कुणी म्हटलं, अण्णा तुमीबी बसा की फोटोत, तर तुमचं उत्तर ठरलेलं, “हजेरी घेनाऱ्याचं नाव हजेरीत नसतं.” मास्तरकीच्या थाटात सांगायचा आणि लोक हसायचे.

म्हणूनच त्या शेवटच्या काल्याच्या दिवसाचं मला जास्त लागून राहिलंय. गावानं तुमचा सत्कार केला. महाराजांनी स्वतःच्या हातानं तुम्हाला फेटा बांधला, हातात नारळ दिला. आयुष्यभर टोपी घातलेला माणूस फेट्यात एकदम वेगळा दिसत होता, आणि ते तुम्हालाही कळलं होतं, कारण तुम्ही सारखा फेट्याला हात लावून बघत होता. तुमचा रोल पुरुषांच्या बाजूला संपला होता. मंडपाच्या कडेनं तुम्ही माझ्यापाशी आलात आणि लाजत, खरंच लाजत म्हणालात, “बाई, तुझ्यात हाय का एखादा शिल्लक? एक माझा काढ की.” मी म्हणाले, “रोल संपला, अण्णा.” तुम्ही हसलात. “ऱ्हाऊ दे. म्होरल्या साली काढू.” आषाढात तुम्ही गेलात. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोचला नाहीत.

अकराव्या दिवशी चुलते म्हणाले, “तेराव्याला फोटो पायजे बरं का.” सगळ्या जिल्ह्याचे मेलेले आपल्या डब्यांत, आणि आपल्याच घरी फोटो नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीला काळं कापड लावलं आणि एकेक पट्टी बघायला बसले. कुठंतरी आरशात, कुठंतरी कडेला, कुणाच्या मागं तुम्ही सापडाल असं वाटलं होतं. तुमची सावली सापडली दोनदा. चेहरा नाही. आणि मग त्याच शेवटच्या सप्त्यातल्या, तुम्हीच काढलेल्या पट्टीत तो माणूस दिसला. तुमच्याच वयाचा, तुमच्यासारख्याच मिशा, कपाळावर खाली आलेला फेटा, ओठ अर्धवट उघडे. मी त्याला एकट्याला मोठं केलं. परातीत तो उमटत असताना क्षणभर मला खरंच वाटलं की तुम्ही आहात. मग नाक उमटलं आणि कळलं की नाही. पण हात थांबला नाही. तुम्ही शिकवलेल्या बारीक ब्रशनं मी त्याच्या डाव्या गालावर तुमचा तीळ ठेवला. लहानपणी विटीदांडूत फुटलेली तुमची भुवई ब्लेडच्या टोकानं त्याच्या कपाळावर फोडली. सगळ्यांना सांगितलं, काल्याच्या दिवशी मी काढला होता. चुलते म्हणाले, “अगदी हुबेहूब. आत्ता बोलंल असं वाटतंय.” माय फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली, मग पदरानं काच पुसली आणि आत निघून गेली.

तेव्हापासून माझी हजेरी बदलली. मंडपात रांगेमागून रांग बघताना मला भीती वाटायची की तो समोर येईल. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात. मी दर सणाला घालत होते. कुठं फेटेवाला दिसला की मी आधी त्याचं नाक बघायचे. हळूहळू मी स्वतःची समजूत घातली की तो कधीच गेला असेल, लांबच्या गावचा असेल. आणि खरं सांगू का अण्णा, तुमचा चेहरा आठवायला डोळे मिटले की तोच यायला लागला. तुमचं नाक कसं होतं ते मला आता सांगता येत नाही. मीच तुम्हाला पुसलं.

तीन वर्षांपूर्वी धर्मापुरीला त्या जुन्या देवळासमोर भजनाचा कार्यक्रम होता. दुपारची वेळ, ऊन कलतं, कोरीव दगडावर सरळ येणारं. मी पाठ फिरवून हजेरी घेत होते आणि तिसऱ्या रांगेत तो. फेटा नव्हता, केस पांढरेशुभ्र, पण ओठ तसेच. तुम्ही कधीच जितके म्हातारे होणार नाही तितका म्हातारा. माझ्या कॅमेऱ्याकडं बघून त्यानं हात वर केला आणि ओठ हलवले. मला ऐकू आलं नाही, पण तो काय म्हणाला ते कळलं. मी कॅमेरा खाली घेतला आणि पुढच्या माणसाकडं वळले. हजेरीत एक जागा मी जाणूनबुजून सोडली.

कार्यक्रम झाल्यावर तो काठी टेकत माझ्यापाशी आला. “बाई, असं गान्याकडं पाठ करून फोटो काढनारा मी एकच मानूस बघितलाता. दिंद्रुडचा. तुमचा कोन?”

“वडील,” मी म्हणाले.

“तरीच! मी बहिनीच्या गावाला सप्त्याला आलतो तवा त्यांनी माझा फोटो काढलता. मला हाजिर का म्हनून इचारलं. म्हनले, पाठवून देतो. त्यो काय आला न्हाई बगा आजून.” आणि मोकळं हसला. “कसे हायेत ते?”

“गेले. त्याच वर्षी.”

त्यानं काठी काखेत धरून तिथंच हात जोडले. मग म्हणाला, “मंग त्यो फोटो आसंलच तुमच्याकडं. सापडला तर द्या. त्या फेट्यात मी लई चांगला दिसत हुतो.” मी हो म्हणाले. चकलांब्याचा पत्ता लिहून घेतला. तीन वर्षं ते चिठोरं माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत होतं आणि मी पाठवलं काहीच नाही. बाकी सगळी कामं केली. गर्दीचे हजारो फोटो काढले. तेवढं एक पाकीट काही टपालात पडलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याची लेक आली. पस्तिशीची असेल, डोळे सुजलेले, हातात पाण्याची बाटली. “ताई, आमचे आबा वारले. मोबाइलवर हायेत त्यांचे फोटो, पन समदे लकव्यानंतरचे, तोंड वाकडं झाल्यालं. आबा सारखं म्हनायचे, दिंद्रुडच्या फोटोवाल्यानं माझा एक काढलाय, त्योच लावा. हाय का वो तुमच्याकडं?” तेराव्याला सहा दिवस राहिले होते. मी डबा उघडला. मधल्या एका पावसाळ्यात पत्रा गळला तेव्हा ओल शिरली होती. त्या सप्त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून एकच काळा ठोकळा झाला होता. सोडवायला गेले तर चेहरे सोलून निघाले. ती समोर बाकावर बसून माझ्याकडं बघत होती. मला ते पीठ चाळणं आठवलं, ती थांबलेली चाळणी. या वेळी मात्र मी ‘नाही’ म्हणू शकत नव्हते, कारण फोटो होता. तो आपल्या घरात, मायच्या खाटेसमोर, तुमच्या नावानं टांगलेला होता. मी म्हणाले, “हाय. चार दिवसांनी या.”

दोन दिवस मी मायच्या नजरेला नजर दिली नाही. तिला सत्तरी लागली आहे, गुडघे धरतात, दिवसभर त्या खाटेवर बसून ती फोटोशी बोलत असते. भाजी काय केली, कुणाच्या घरी पाळणा हलला, मी कुणाशी भांडले. तो फोटो तिच्यापुढून काढायचा म्हणजे मीच तिला दुसऱ्यांदा विधवा करायची. परवा सकाळी ती चहा घेत होती तेव्हा मी स्टूल ओढलं. म्हणाले, “काच पुसायची हाय.”

“कालच पुसली मी.”

मी तरीही चढले. फ्रेमला हात लावला, तेव्हा पाठीमागून ती म्हणाली, “कोन आलंय त्याला न्यायला?”

मी फ्रेम धरूनच मागं वळले.

“त्येच्या घरचं कुनी आलंय न्हवं? दोन दिस झालं बघते, तू फोटोकडं बघतीस आन ताटावरनं उठतीस.”

“तुला कवापासून म्हाईत हाय?”

“तेराव्यापासून,” माय म्हणाली आणि बशी खाली ठेवली. “बावीस वर्सं संसार केला, मला माझा नवरा वळखू येईना व्हय? नाक बघ ह्येचं. त्यांचं आसलं नाक हुतं का?”

“मग कावून गप बसलीस?”

“पहिल्यांदा तुझ्यासाठीच. तू अन्न सोडलंतं. म्हनलं, पोरीनं एवढं केलंय तर राहू दे.” तिनं फोटोकडं बघितलं. “मंग रोज बघता बघता माझ्या ध्यानात आलं. ह्यो मानूस हाजिर म्हनतोय. कुनाला म्हनतोय? ह्येच्या म्होरं कोन हुबं हाय? त्येच की. मी ह्येच्याशी कवा बोललेच न्हाई, बाई. ह्यो ज्यांच्याकडं बघतोय, त्यांच्याशी बोलत हुते.”

मी स्टुलावरच बसले आणि रडले, अण्णा. पंचेचाळीस वर्षांची बाई, फ्रेम मांडीत घेऊन. मायनं रडू दिलं. मग म्हणाली, “आता त्येचं मानूस आलंय तर दे. त्येला त्येच्या घरी हार पडू दे. ह्यांच्या नावावर किती दिस ऱ्हायचं त्यानं?”

फ्रेमचे खिळे उचकटून मी फोटो बाहेर काढला, उजेडात ठेवून त्याचा फोटो काढला, संगणकावर घेतला. तुमची फुटकी भुवई आधी भरून काढली. तीळ शेवटी. तो पुसायला एक क्षण लागला. एवढासा ठिपका, पण त्या चेहऱ्यात तुमचं तेवढंच काय ते होतं, आणि तो गेल्यावर समोरचा माणूस एकदम परका झाला, चकलांब्याचा झाला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला नीट पाहिलं. चांगला दिसत होता फेट्यात, खोटं नव्हता बोलला. आज सकाळी लेक येऊन घेऊन गेली. दारातच कागद सोडला आणि “आबा” म्हणून फोटो छातीशी धरला. जाताना म्हणाली, “तुमच्या वडिलांचा हात लई साफ हुता, ताई. जित्ता वाटतोय मानूस.” तिला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का ते मला अजून ठरवता येत नाही.

दुपारी जेवताना मायनं निळ्या चौकोनाकडं बघत विचारलं, “मंग त्या दिवशी तू त्यांचा काढलाच न्हाईस व्हय? फेट्यातला?”

“न्हाई.”

“त्यांनी मागितला न्हाई?”

“मागितलाता. रोल संपलाता,” मी म्हणाले.

माय म्हणाली, “नशीब,” आणि ताट सरकवून हात धुवायला उठली. एवढं मोठं खोटं जिनं पंचवीस वर्षं मुकाट्यानं सांभाळलं, तिला हे छोटं ओळखू आलं नाही. किंवा आलंही असेल. तिचं काही सांगता येत नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं? रिकाम्या फ्रेमच्या पुठ्ठ्यामागं ठेवीन आणि फ्रेम तशीच त्या खिळ्याला लावीन, असं आत्ता तरी मनात आहे. काउंटरच्या मागचा पखवाजीचा फोटो मात्र उद्या उतरवणार आहे. लोक विचारतील. विचारू देत. त्या दिवशी तुम्ही ‘म्होरल्या साली’ म्हणालात आणि कुठं गेला नाहीत. नारळ हातात धरून माझ्या मागंच उभे राहिलात. पखवाज टिपेला गेला, मी कॅमेरा उचलला आणि दोनदा खटका दाबला. पहिला फोटो हलला. दुसरा पेपरात आला. तो पेपर स्टँडवर सगळ्यांना दाखवताना, हा कोणत्या रोलमधला, असं तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत. त्या गजरात तुम्हाला ते दोन खटके ऐकू आले होते की नाही, हे मी आजवर प्रत्येक मंडपात, प्रत्येक चेहऱ्यावर शोधत आलेय. रोल संपला नव्हता, अण्णा. दोन शिल्लक होते.